रेटिनोब्लास्टोमाच्या घरातलं पुढचं बाळ

रेटिनोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) कर्करोग. पहिल्या मुलाच्या डोळ्यात ही गाठ सापडली, उपचार झाले किंवा चालू आहेत, आणि आता घरात दुसरं बाळ येणार आहे. अशा घरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "याचे डोळे नीट लक्ष ठेवून बघू, काही पांढरं दिसलं की लगेच दाखवू." लेख लिहायला बसलो तो या वाक्यासाठी. पांढरं दिसेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा डोळ्यातली नजर वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

बाहुलीतून दिसणारी पांढरी चमक म्हणजे आतल्या गाठीवरून परत आलेला उजेड. समोरून बघणाऱ्याला ती दिसायची तर गाठ चांगली मोठी झालेली असावी लागते, नाहीतर पडद्याच्या अगदी मधोमध असावी लागते. लेझरने जाळता येते ती गाठ दोन-तीन मिलिमीटरची असते. ती आईला दिसत नाही, मोबाइलच्या फोटोत दिसत नाही आणि बाळंतिणीच्या वॉर्डात टॉर्च मारूनही दिसत नाही. तिरळेपणाचंही तसंच. गाठीने मधली तीक्ष्ण नजर घालवली की मग डोळा वाकडा वळायला लागतो. ज्या घरात हा आजार पूर्वी कधी झालेला नाही, तिथे फोटोतली पांढरी बाहुली किंवा नव्याने आलेला तिरळेपणा हीच पहिली खूण असते, आणि ती दिसल्यावर एक आठवडाही दवडू नये. पण तुमच्या घरात पहिलं मूल ही खूण आधीच देऊन गेलं आहे. पुढच्या बाळाच्या बाबतीत खुणेची वाट बघायचं काही कारण उरलेलं नाही.

आजाराची मेख आरबी-१ या जनुकात आहे. तो १३व्या गुणसूत्रावर असतो आणि पेशीची वाढ आवरून धरतो. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पडद्याच्या एखाद्या कोवळ्या पेशीतल्या दोन्ही प्रती बिघडल्या की गाठ सुरू होते. दोन धक्क्यांचा हा हिशेब आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडला. जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९८६ उजाडलं. ज्या मुलाला एक प्रत जन्मतःच बिघडलेली मिळते, त्याच्या दोन्ही डोळ्यांतल्या प्रत्येक पेशीने पहिला धक्का खाल्लेलाच असतो. दुसरा धक्का कुठे ना कुठे बसतोच, म्हणून अशा मुलांना बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत, एकाहून अधिक आणि लवकर गाठी होतात. दोन्ही डोळ्यांचा आजार सरासरी वर्षाच्या आसपास लक्षात येतो, एका डोळ्याचा दोन वर्षांच्या आसपास. नेहमीच्या प्रकारचा बिघाड अंगात असेल तर गाठ होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असते. काही सौम्य बिघाडांत ती बरीच कमी असते, आणि त्यासाठीच नेमका बिघाड कोणता हे माहीत असणं महत्त्वाचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण ती घरं मोडते. हा आजार मामेभावाशी लग्न केल्यामुळे होत नाही. नात्यातल्या लग्नांमुळे जे आजार वाढतात त्यांना दोन्हीकडून बिघडलेली प्रत लागते. इथे एकीकडून आलेली एकच प्रत पुरते. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, लोखंडी गोळ्या घेतल्या, मोबाइल वापरला, यांतल्या कशाचाही संबंध नाही. जन्मजात बिघाड असलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरात तो आधी कधी नसतोच, त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. आणि असे नवे बिघाड बहुतांशी वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडतात. यात वडिलांचाही दोष नाही, शुक्राणू तयार होताना प्रती काढण्यात होणारी ती चूक आहे. पण सुनेला बोल लावणाऱ्या घरात ही माहिती पोचायला हवी.

आता पुढच्या बाळाला धोका किती? आई किंवा वडील यांपैकी कुणाला लहानपणी दोन्ही डोळ्यांत गाठी झाल्या असतील तर प्रत्येक बाळाला ५० टक्के. पालकाला एकाच डोळ्यात गाठ झाली असेल तर आकडा ७.५ टक्के धरतात, कारण एका डोळ्याच्या रुग्णांपैकी साधारण १५ टक्क्यांच्या अंगात बिघाड जन्मजात असतो आणि त्यातला निम्मा धोका पुढे उतरतो. पालकांना काहीच नाही आणि पहिल्या मुलाला दोन्ही डोळ्यांत आहे, तर भावंडाला सुमारे ५ टक्के. पहिल्याला एकाच डोळ्यात असेल तर सुमारे १ टक्का. हे आकडे जनुकीय तपासणी व्हायच्या आधीचे. तपासणी नीट झाली की ते शंभराच्या जवळ जातात नाहीतर जवळजवळ शून्यावर येतात, आणि दोन्हींचा उपयोग आहे.

तपासणीचा क्रम मात्र पुष्कळ ठिकाणी उलटा होतो. नव्या बाळाचं रक्त आधी पाठवलं जातं, रिपोर्ट 'काही सापडलं नाही' असा येतो आणि घर निर्धास्त होतं. हा रिपोर्ट कशाच्या बळावर नॉर्मल म्हणायचा? घरातला बिघाड नेमका कुठे आहे हे माहीतच नसेल, तर तो चाचणीच्या नजरेतून सुटला की मुळात नव्हता, हे सांगता येत नाही. म्हणून रक्त आधी आजारी मुलाचं जातं. जांभळ्या टोपीच्या इडीटीए बाटलीत काही मिलिलिटर रक्त पुरतं. प्रयोगशाळेकडून दोन गोष्टी मागायच्या: आरबी-१ चं पूर्ण वाचन, आणि जनुकाचा तुकडाच गायब आहे किंवा दुणावला आहे का हे बघणारी एमएलपीएसारखी चाचणी. नुसतं वाचन केलं तर मोठे तुकडे गळालेले कळत नाहीत. मुलाची वाढ किंवा बोलणंही मागे असेल तर १३व्या गुणसूत्राचा बराच मोठा भाग गेलेला असू शकतो. हे जनुकतज्ज्ञांना आवर्जून सांगावं.

दोन्ही डोळ्यांचा आजार असलेल्या मुलांत या दोन चाचण्या मिळून बहुतेकांचा बिघाड रक्तात सापडतो. एका डोळ्याच्या आजारात प्रकरण अवघड होतं, आणि इथेच एक गोष्ट कायमची हातातून निसटू शकते. डोळा काढावा लागणार असेल तर त्यातल्या गाठीचा ताजा तुकडा जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवायचा असतो. आधी गाठीत दोन्ही बिघाड शोधतात, मग तेच दोन रक्तात आहेत का ते बघतात. रक्तात दोन्ही नसतील तर आजार त्या डोळ्यापुरताच होता असं पुष्कळ खात्रीने म्हणता येतं. पण डोळा थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि तपासणी कठीण होऊन बसते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी, भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं होतं त्याच दिवशी, सर्जनना विचारा: गाठीचा नमुना गोठवून ठेवणार का, कुठे ठेवणार, नंतर कोण पाठवणार? डोळ्यामागच्या मज्जातंतूकडचा (ऑप्टिक नर्व्हकडचा) भाग मात्र पॅथॉलॉजीसाठी अखंड राहिला पाहिजे, कारण आजार मज्जातंतूतून पुढे सरकला का हे तिथेच कळतं. नमुना घ्यायचा तो त्या भागाला हात न लावता. हे काम अनुभवी हातांचं आहे, आणि अशी शस्त्रक्रिया नेहमी होते त्या केंद्रातच ती व्हावी, याचं हेही एक कारण.

रिपोर्ट हातात आला की त्यातली बिघाडाची ओळ, इंग्रजी 'सी' आणि टिंबाने सुरू होणारी, जशीच्या तशी जपून ठेवा. रिपोर्टची झेरॉक्स, फोटो आणि ईमेल, तिन्ही असू द्या. त्या एका ओळीवर पुढच्या प्रत्येक भावंडाची, आणि पुढे या मुलाच्या मुलांचीही, चाचणी नेमकी, स्वस्त आणि लवकर होते. भावंडात ती ओळ नसेल तर त्याच्या डोळ्यांच्या तपासण्या पूर्ण थांबवता येतात. भुलीखालच्या वीस-पंचवीस तपासण्या वाचतात, हा त्या चाचणीचा मोठा फायदा. नॉर्मल येणाऱ्या रिपोर्टवर पैसे घालवायचे कशाला, असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आईवडिलांचं रक्त नॉर्मल आलं तरी भावंडाची चाचणी टाळू नये. काही वेळा बिघाड पालकाच्या फक्त बीजपेशींत असतो आणि रक्तात उमटत नाही. पालकांनी बाहुली मोठी करून स्वतःचेही डोळे एकदा तपासून घ्यावेत. लहानपणी होऊन आपोआप थांबलेल्या गाठीचा वण कधी कधी तिशीतल्या वडिलांच्या पडद्यावर सापडतो, आणि त्यांना आयुष्यभर त्याची कल्पना नसते. असा वण सापडला की सगळा हिशेब बदलतो.

बिघाड माहीत असेल तर गर्भातही चाचणी होते: ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात जनुकीय आजारासाठी अशा चाचणीला परवानगी आहे, पण केंद्र नोंदणीकृत हवं आणि समुपदेशन आधी व्हायला हवं. त्या उत्तराचं काय करायचं हा सर्वस्वी आईवडिलांचा निर्णय. गर्भपात नको असणाऱ्यांनाही चाचणीचा उपयोग होतो. बाळात बिघाड आहे हे माहीत असेल तर काही केंद्रं प्रसूती ३७ आठवड्यांच्या सुमारास करून घेतात, म्हणजे डोळे लवकर तपासून उपचार सुरू करता येतात. गर्भात चाचणी नको असेल तर प्रसूतीच्या वेळी नाळेतलं रक्त इडीटीए बाटलीत घ्यायला सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञांना सातव्या महिन्यातच हे लिहून द्या. ऐन रात्रीच्या प्रसूतीत ते कुणाला आठवत नाही.

बाळ जन्मलं की पहिली तपासणी पहिल्याच आठवड्यात, जमलं तर दवाखान्यातून घरी जायच्या आधी. बारशापर्यंत थांबायचं नाही. रक्ताचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तोवर बाळाला धोका आहे असंच धरून चालायचं. जास्त धोक्याच्या बाळांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकमताने ठरवलेलं वेळापत्रक असं: पहिले दोन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत दरमहा, दुसऱ्या वर्षी दर दोन महिन्यांनी, तिसऱ्या वर्षी दर तीन, चौथ्या वर्षी दर चार, आणि पुढे सात वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. कमी धोक्याच्या भावंडांसाठी अंतर मोठं असतं. तुमचं केंद्र यात थोडाफार फरक करेल, पण पहिल्या वर्षातली दाट तपासणी कुणीच सैल करत नाही. कारण सोपं आहे. पहिल्या काही महिन्यांत येणाऱ्या गाठी मध्यभागाजवळ असतात, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते. नंतरच्या गाठी पडद्याच्या कडेकडे येतात. पहिल्या तीन महिन्यांत चार तपासण्या चुकल्या आणि पुढे काटेकोर राहिलात, तरी आधी गेलेली नजर परत येत नाही.

दोन महिन्यांपर्यंतचं बाळ बहुधा भूल न देता तपासता येतं. आधी बाहुली मोठी करायचे थेंब, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीनदा. मोठ्या माणसांच्या ताकदीचे थेंब तान्ह्याला चालत नाहीत, त्याने रक्तदाब चढू शकतो. म्हणून पातळ केलेले वापरतात, आणि थेंब टाकल्यावर नाकाकडचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी जातं. मग बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळतात, भुलीचा एक थेंब डोळ्यात टाकतात, आणि पापण्या उघड्या ठेवायला बारीक तारेचा चिमटा बसवतात. डॉक्टरांच्या डोक्यावरच्या दिव्याचा उजेड हातातल्या भिंगातून आत जातो. बाळ कळवळून रडतं. ते रडणं बघवत नाही, पण चिमट्याने इजा होत नाही, आणि दोन मिनिटांत काम आटोपतं. तपासणीच्या तासभर आधी पोटभर दूध पाजू नये, रडता रडता उलटी होते.

पुढच्या तपासण्या भुलीखाली होतात. यात गोंधळ होतो तो उपाशी ठेवण्याचा. आईच्या दुधानंतर चार तास, वरच्या दुधानंतर सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन तास, हा सर्वसाधारण नियम. आजीने दयेपोटी दिलेल्या एका बिस्किटामुळे त्या दिवशीची भूल रद्द होते, आणि तीनशे किलोमीटरचा प्रवास वाया जातो. सर्दी, खोकला, ताप असेल तर निघायच्या आधी फोन करा. वाहत्या नाकावर भूल देणं धोक्याचं असतं. पण पुढे ढकललेली तारीख त्याच फोनवर पक्की करून घ्या, नाहीतर एक महिन्याचे तीन कधी होतात कळत नाही. नांदेड-लातूरकडच्या घरांना मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपेक्षा हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्ररुग्णालय जवळ पडतं. केंद्र निवडताना नावाइतकाच विचार दर महिन्याला तिथे पोचता येईल का याचा करावा.

भुलीत आधी डोळ्याचा दाब मोजतात. मग बोथट टोकाच्या छोट्या उपकरणाने बुबुळाभोवती बाहेरून हलकेच दाबत पडद्याची कड पूर्ण गोल फिरून आत ढकलतात. ती कड एरवी दिसतच नाही, आणि नंतरच्या गाठी नेमक्या तिथे लपतात. रेटकॅम या पडद्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात, शक्य असेल तिथे ओसीटी हा उजेडाच्या साहाय्याने होणारा पडद्याचा स्कॅनही करतात. ओसीटीवर पडद्याच्या थरांतली नुसत्या डोळ्यांना न दिसणारी गाठही सापडते. लेझर आणि अतिशीत (गाठ गोठवून मारण्याच्या, क्रायो) उपचाराची संमती आधीच सही करून द्या. नवी गाठ सापडली तर त्याच भुलीत तिचं काम होतं. घरी आल्यावर डोळ्याचा पांढरा भाग लाल दिसेल, अतिशीत उपचार झाला असेल तर पापण्या सुजतील. दोन-चार दिवसांत ते ओसरतं.

दोन गोष्टींना ठाम नकार द्या. पहिली, सुई घालून गाठीचा तुकडा तपासणं. रेटिनोब्लास्टोमात निदान तपासणीवरून, बी-स्कॅन सोनोग्राफीत दिसणाऱ्या चुन्याच्या कणांवरून आणि एमआरआयवरून होतं. गाठीत सुई गेली की पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. पांढऱ्या बाहुलीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायच्या आधी बी-स्कॅन व्हायलाच हवा, तोही याचसाठी. दुसरी, कारण नसताना सीटी स्कॅन. जन्मजात बिघाड असलेल्या मुलाला किरणोत्साराचा धोका इतरांहून जास्त असतो, म्हणून शक्य तिथे एमआरआय. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतही अशा काही मुलांना गाठ होते, तीही बहुधा पाच वर्षांच्या आत. निदानाच्या वेळी मेंदूचा एमआरआय करतात, पुढे किती वेळा करायचा यात केंद्राकेंद्रांत फरक आहे.

गाठ सापडलीच तर छोट्या गाठी लेझर आणि अतिशीत उपचाराने जातात. मोठ्यांसाठी व्हिन्क्रिस्टीन, एटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन हा केमोचा संच दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सहा वेळा. कार्बोप्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, सहा महिन्यांखालच्या बाळांत जास्तच. श्रवणचाचणी सुरुवातीला आणि मधूनमधून मागून घ्या. मांडीच्या धमनीतून बारीक नळी डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन मेल्फलान हे केमोचं औषध देतात, पण अगदी तान्ह्या बाळाच्या धमन्या त्याला पुरेशा मोठ्या नसतात. एकाच जागी राहिलेल्या गाठीवर किरणोत्सारी रुथेनियम-१०६ ची चकती डोळ्याला टाचून ठेवतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या रुथेनियमपासून अशा चकत्या बनवल्या आहेत. बाहेरून देण्याचं रेडिएशन मात्र जन्मजात बिघाडात शेवटचा पर्याय, आणि वर्षाच्या आतल्या बाळात तर शक्यतो नाहीच.

आणि डोळा काढावा लागेल असं सांगितलं तर? नजर संपलेला, गाठीने भरलेला डोळा वाचवण्यासाठी महिने घालवले की आजार मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. डोळ्याच्या आत असताना हा आजार बहुतेक मुलांत पूर्ण बरा होतो, बाहेर गेल्यावर गणित पार बदलतं. शस्त्रक्रियेत खोबणीत गोळा बसवतात, सहा आठवड्यांच्या आसपास कृत्रिम डोळा लागतो, आणि मूल वाढेल तसा तो बदलावा लागतो. उरलेल्या डोळ्यासाठी पॉलिकार्बोनेटचा चष्मा, नंबर नसला तरी. क्रिकेटचा चेंडू आणि दिवाळीचे फटाके, दोन्ही ध्यानात ठेवून.

सात वर्षांनंतर डोळ्यांत नव्या गाठी येणं फारच दुर्मीळ होतं. बिघाड मात्र अंगात राहतो, आणि पुढच्या आयुष्यात हाडांचे व स्नायूंचे सार्कोमा आणि त्वचेचा मेलानोमा या कर्करोगांचा धोका वाढलेला असतो. रेडिएशन झालेल्यांत तो आणखी जास्त. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा गुडघा आठवडे दुखतोय, रात्री झोपेतून उठवतोय, सूज आहे, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून बाम चोळत बसू नका. आरबी-१ चा रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. हाडाचा साधा एक्स-रे अशा वेळी घ्यायला काहीच हरकत नाही, गरज असेल तिथे एक-दोन एक्स-रेंची भीती बाळगायची नसते. सिगारेट-तंबाखू आयुष्यभर दूर, भर उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्या. मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की रिपोर्टची एक प्रत त्याच्या हातात द्या, आणि जनुकतज्ज्ञांकडे त्याला स्वतःला प्रश्न विचारू द्या. कॉलेजला पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर त्याची फाइल घरच्या कपाटात असून भागत नाही.